नोकरी सांभाळून भागीदारी

'नोकरी सोडा, धंद्यात उडी घ्या,' असा उपदेश मराठी तरुणाला नेहमी ऐकावा लागतो. ज्या घरात एकाच पगारावर सारे चालते, तिथे ही उडी कशी घ्यायची? घाटकोपरच्या चाळीतून कॉलेजची पायरी चढणारा घरातला मी पहिलाच; मला तो उपदेश पेलत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनीही आरंभी नोकरी सोडली नव्हती. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असताना ते सायकली बेळगावला पाठवीत. तिथे बंधू रामूअण्णा त्या विकीत. १८८८ च्या त्या छोट्या धंद्यातूनच पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली.

ते सख्खे भाऊ होते. आपण मित्राबरोबर धंदा मांडतो. नोकरीवाला पैसा घालतो, दुसरा दिवसभर राबतो. हिशेबाचे बोलायला दोघेही संकोचतात. १९३२ चा भागीदारी कायदा मात्र संकोच जाणत नाही. वेगळा करार नसेल तर नफा-तोटा सारखा वाटायचा, आणि राबणाऱ्याला त्याबद्दल वेगळा मेहनताना नाही! शिवाय पेढीचे सारे कर्ज एकाच भागीदाराकडूनही वसूल होऊ शकते.

म्हणून मित्रहो, पहिला खर्च करारपत्राचा करा आणि त्यात पैशाबरोबर वेळेचीही किंमत लिहा. आज मित्राजवळ पैशाचे बोलायला लाजणारा उद्या त्याच्याशी भांडायला लाजेल काय?