पत्राला उत्तर नाही, म्हणून औषध नाही!

अमेरिकेतील गोरगरिबांच्या आरोग्यविम्यासाठी १९६५ साली 'मेडिकेड' ही सरकारी योजना निघाली. तिच्या लाभार्थ्यांची पात्रता साधारणतः वर्षातून एकदा तपासण्याचा प्रघात आहे. ४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्षांची सही झालेल्या कायद्याने मात्र, योजनेच्या विस्तारानंतर तीत आलेल्या प्रौढांनी २०२६ सालच्या अखेरीपासून दर सहा महिन्यांनी आपली पात्रता नव्याने सिद्ध करावी, असे ठरविले. सरकारी खजिन्याचे रक्षण हे त्याचे कारण सांगण्यात येते. ते वरवर पाहता कोणालाही पटेल. म्हणूनच ते पारखून घेणे अवश्य आहे.

अपात्र माणसाने लोकांच्या पैशावर औषधपाणी करून घेऊ नये, याबद्दल आमचे दुमत नाही. पण अपात्र कोण, हे ठरते कशावरून? कोरोनाच्या साथीत वाढीव केंद्रीय अनुदान घेणाऱ्या राज्यांना लाभार्थ्यांची नावे कमी करण्यास मनाई होती. ती ३१ मार्च २०२३ रोजी संपली आणि पुढील वर्ष-दीड वर्षात २ कोटी ५० लाखांहून अधिक नावे कमी झाली. त्यांतील दर १०० पैकी सुमारे ६९ जण अपात्र ठरले म्हणून नव्हे, तर कागदपत्रांची पूर्तता झाली नाही म्हणून गळले! कोणाचा पत्ता बदलला होता, कोणाला पत्र पोहोचलेच नव्हते, कोणाला अर्ज उमगला नव्हता. या लोकांत खरोखर अपात्र किती, हे पाहिले कोणी?

बरे, चूक नेहमी गरिबाचीच असते असेही नाही. मुलांसाठी उत्पन्नाची मर्यादा आईबापांपेक्षा सैल असते. तरीही कित्येक राज्यांतील संगणक सबंध कुटुंबाला एकाच मापाने मोजीत होते, असे २०२३ साली उघडकीस आले. केंद्र सरकारने कान धरला, तेव्हा कोठे सुमारे ५ लाख लोकांना, आणि त्यांत अनेक मुलांनाही, विमा परत देण्याची व्यवस्था झाली.

आर्कान्सा राज्याने तर २०१८ साली महिन्याला ८० तास काम केल्याचा हिशेब मागितला. तो आरंभी केवळ इंटरनेटवरून द्यावयाचा आणि ते संकेतस्थळ रात्री ९ पासून सकाळी ७ पर्यंत बंद! दिवसभर राबणाऱ्याने हिशेब द्यावा केव्हा? १८,००० हून अधिक लोकांचा विमा गेला. मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने ती अट मोडून काढली. पण २०२५ च्या कायद्याने तशीच अट आता देशव्यापी केली आहे.

याला तपासणी म्हणत नाहीत. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार आहे. उत्पन्नाच्या नोंदी सरकारच्याच दप्तरी असतात. त्या आधी पाहाव्यात आणि मगच नागरिकाला पत्र धाडावे, असा अमेरिकेचा स्वतःचा नियम आहे. तो मनापासून पाळावा. अपात्रता सिद्ध झाली, तर नाव अवश्य काढावे. पण केवळ उत्तर आले नाही म्हणून कोणाचे इन्सुलिन बंद होता कामा नये.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सर्व कुटुंबांना खुली करण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने २०२३ साली घेतला. उद्या येथेही कोणी फेरतपासणीची टूम काढील, तेव्हा आमच्या राज्यकर्त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: पुराव्याचे ओझे सरकारने उचलावे, रोग्याच्या खांद्यावर टाकू नये!