पडीक नाही हो, माळ आहे तो!

जुलै आला की हापिसात एक मेल फिरते: झाडं लावायला चला. टी-शर्ट, टोपी, नाश्ता फुकट. एका वर्षी मीही गेलो. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या बाजूला, एका उघड्या बरडावर. गवत छान वर आलं होतं, ते आम्ही पन्नास जणांनी तुडवलं, गिरिपुष्पाची रोपं लावली आणि फोटो काढले. परतताना जाम समाधान वाटत होतं.

आज त्याची लाज वाटते.

त्याला कारण तणमोर. कोंबडीएवढा पक्षी, एरवी दिसतही नाही. पावसाळ्यात मात्र नर गवतातून सरळ वर उडी मारतो, पुन्हा खाली. दिवसातून शेकडो वेळा! गवत त्याच्याहून उंच, म्हणून मादीला दिसायला हा खटाटोप. मादी अंडी घालते ती जमिनीवरच, गवताच्या आडोशाला. म्हणजे याला हवाय मोकळा माळ, त्यावर कुसळी, मारवेल, पवन्या आणि लांब लांब एखादं हिवराचं नाहीतर बोरीचं झाड. झाडांची रांग लावली की याचा संसार मोडला. 2021 मध्ये हा पक्षी 'अतिसंकटग्रस्त' यादीत गेला. माळढोक तिथे आधीच होता.

चूक कुठे झाली? आमच्या धंद्यात म्हणतात, डेटा चुकीचा भरला की प्रोग्राम कितीही चांगला असो, उत्तर चुकणारच. इथे माळाच्या रकान्यात आपण 'पडीक' असं भरून ठेवलंय. 2000 साली देशाचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघाला, त्यात झुडपी माळ आणि चराऊ रानं पडीकच धरली. मग 2019 च्या पावसाळ्यात महाराष्ट्राने 33 कोटी झाडांचं लक्ष्य घेतलं, तेव्हा खड्डे खणायला मोकळी जागा कुठली सापडणार, सांगा!

तुम्ही म्हणाल, इथे पूर्वी जंगलच असेल, ते तोडून माळ झाला. सगळीकडे नाही. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी 13व्या शतकापासूनचं मराठी साहित्य चाळून 2025 मध्ये दाखवलं, की पश्चिम महाराष्ट्रातली ही काटेरी झाडांची गवताळ रानं निदान साडेसातशे वर्षं जुनी आहेत. म्हणजे इंग्रजांच्या कुऱ्हाडीच्या कितीतरी आधीची. वऱ्हाडातला प्रत्येक माळ तसाच आहे असा माझा दावा नाही. पण खड्डा खणायच्या आधी विचारायला काय जातं?

बरं, मग सरकारी अभयारण्य करा? करून पाहिलंय. सोलापूरकडे नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 साली कागदावर आखलं, तब्बल 8,496 चौरस किलोमीटर! त्यात गावं आली, शेतं आली, रस्ते आले. जमिनीच्या व्यवहारात अडचणी, लोक वैतागले, आणि राग निघाला बिचाऱ्या पक्ष्यावर. पुढे ते 1,200 च्या आसपास आणावं लागलं. तोवर माळढोक जवळजवळ संपला होता.

मग आफ्रिकेसारखी खासगी अभयारण्यं? तिथे सिंह आहे, म्हणून लॉजवाल्याला पैसे मिळतात. आपल्याकडे टिपेश्वरला वाघ आहे, तिथे जिप्सी जातात. ऐन पावसात चिखल तुडवून तणमोर बघायला कोण येणार? आणि गर्दी आली तर पक्षी पळणार.

माझं म्हणणं सरळ आहे. माळ राखायचा तो ज्याचा आहे त्याने, म्हणजे गावाने. 2002 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्यात 'सामुदायिक राखीव क्षेत्र' आहे. खासगी किंवा सामुदायिक जमिनीवर, मालकाच्या राजीखुशीने. जमीन त्याचीच राहते. समितीत गावाचे किमान पाच लोक. अकोला-वाशीमकडे 'संवेदना' संस्थेसोबत फासेपारध्यांनीच गवत राखायला घेतलं. पिढ्यान्‌पिढ्या फास लावून पक्षी धरणारे ते. कोणता पक्षी कुठे बसतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

अट एकच: जुलै ते सप्टेंबर गुरं आणि विळा बाहेर, गवत कापायचं दिवाळीच्या सुमारास. पिल्लं तोवर उडालेली असतात.

पण तीन महिने गुरं खाणार काय? खरा प्रश्न हा आहे, आणि तो पक्षीप्रेमी विचारत नाहीत. ज्वारी गेली, तिच्यासोबत कडबा गेला. सोयाबीनचं कुटार आणि पऱ्हाटीवर गाय किती दिवस काढेल? तेव्हा त्या तीन महिन्यांच्या चाऱ्याचे पैसे गावाला रोख द्या. ई-क्लासच्या जमिनीवर रोपं लावायला, त्यांना पाणी घालायला, मेली की पुन्हा लावायला पैसा निघतोच ना? तोच इकडे वळवा. दिवाळीनंतर कापलेलं गवत गावाचंच आहे.

यंदाही मेल आली. मी उत्तर लिहिलं, 'यावेळी चाऱ्याचे पैसे देऊया का?' अजून कोणी बोललेलं नाही. टी-शर्टवर छापायला ते बरं दिसत नसावं.

असो. तुमच्याकडे अशी मेल आली तर निदान जागा कुठली ते विचारा. 'पडीक आहे' म्हणाले, तर एकदा पावसाळ्यात सकाळी तिथे जाऊन उभे राहा.