पदकानंतरची खुर्ची

बंगळूरुच्या चिकपेट मेट्रो स्थानकात लिफ्ट आहे. २०१७ साली हा भुयारी मार्ग सुरू झाला, तेव्हापासून चाकाच्या खुर्चीतील माणूस फलाटावरून रस्त्यापर्यंत विनासायास येऊ शकतो. पुढे मात्र पेठ सुरू होते. केंपेगौडाने १५३७ च्या सुमारास वसवलेल्या आणि पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत आलेल्या या पेठेत कापडाचे गठ्ठे, हातगाड्या आणि दुचाकी यांमधून धडधाकट माणसालाही अंग चोरून चालावे लागते. श्री कंठीरव क्रीडांगण येथून जेमतेम दोन-अडीच किलोमीटरवर आहे. खुर्चीतल्या खेळाडूसाठी ते अंतर केवढे, याचा विचार मी सेवेत असताना कधी केला नव्हता.

४ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये क्लब थ्रोच्या एफ-५१ गटाची अंतिम फेरी झाली. धरमबीरचे पहिले चारही प्रयत्न बाद ठरले. पाचव्यात त्याने ३४.९२ मीटर अंतर गाठून सुवर्णपदक मिळवले. रौप्य प्रणव सूरमाला मिळाले. त्याच फेरीत अमितकुमार सरोहा दहावा, म्हणजे अखेरचा आला. धरमबीरला या खेळात आणून घडवणारा हाच सरोहा. एकेकाळचा हा हॉकीपटू वयाच्या बाविसाव्या वर्षी मोटार अपघातात जायबंदी झाला, २०१२ मध्ये लंडन पॅरालिम्पिकला गेला आणि २०१३ मध्ये अर्जुन पुरस्काराचा मानकरी ठरला. एकता भ्यान हीसुद्धा त्याचीच शिष्या.

हे नाते केवळ भावनिक नाही. या गटातील खेळाडूच्या बोटांत पकड नसते, धडावर ताबा नसतो. पट्ट्यांनी आसनाला बांधून घेऊन, चिकट द्रव्याच्या आधाराने ३९७ ग्रॅमचा लाकडी क्लब फेकायचा असतो. मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर शरीराला पुरेसा घाम येत नाही, त्यामुळे उन्हातला सराव जिवावर बेतू शकतो. बसून बसून झालेली जखम दुखत नाही आणि म्हणूनच बळावते. सराव कधी थांबवायचा, हे पुस्तकातून शिकता येते; पण स्वतः भोगलेला माणूस ते शिष्याच्या आधी ओळखतो.

बंगळूरुच्या मालती होळ्ळा यांना अर्जुन पुरस्कार १९९५ मध्ये आणि पद्मश्री २००१ मध्ये मिळाली. बँकेतली नोकरी सांभाळून त्या खेळल्या, आणि दिव्यांग मुलांसाठी त्यांनी मातृ फाउंडेशन उभारले. सन्मान राज्यसंस्थेने केला; पुढच्या पिढीला आसरा देण्याचे काम स्वयंसेवी संस्थेच्या बळावर झाले. ही विभागणी मला खटकते. रिओतील ४ पदकांवरून भारत टोकियोत १९ आणि पॅरिसमध्ये २९ पदकांवर पोहोचला. पदकांसाठी योजना आहेत, बक्षिसे आहेत. पदक मिळवणाऱ्याच्या अनुभवाला सरकारी आस्थापनेत जागा कोणती, हा प्रश्न अजून नीट विचारलाच गेलेला नाही.

एक कबुली देतो. सेवेत असताना माझ्यापुढे प्रशिक्षक भरतीचा एक मसुदा आला होता. त्यात उमेदवारासाठी धावण्याची चाचणी होती. कोणी हरकत घेतली नाही. मीही सही केली. अपात्र ठरणारे कोण, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानातही आले नाही. त्याच काळात उभ्या राहिलेल्या एका क्रीडासंकुलाला उतार होता, पण तो प्रेक्षागृहापर्यंतच. दिव्यांग माणूस खेळ पाहायला येईल, एवढीच आमची कल्पना होती.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याचे कलम ३० क्रीडासुविधांची पुनर्रचना करण्यास सांगते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुडी खटल्यात सुगम्यतेचे निकष ऐच्छिक ठेवून चालणार नाहीत, ते बंधनकारक असावेत, असे बजावले. हे निकष मैदानाला लागू करताना प्रशिक्षकाचे कार्यालय, कपडे बदलण्याची खोली आणि स्वच्छतागृह यांपासून सुरुवात करावी. भरतीच्या नियमांत धावण्याऐवजी शिकवण्याची चाचणी घ्यावी, आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धेतील अनुभव पदविकेच्या बरोबरीने मोजावा. यासाठी नवा कायदा लागत नाही. सेवाप्रवेश नियमांतील दुरुस्ती पुरेशी आहे. ती एका टिपणीवर होते, हे मी अनुभवाने सांगतो.