परदेशात एक सत्र शिकायचंय, पण दिव्यांग विद्यार्थ्याचा जादा खर्च कोण देणार?

समजा, भाट्ये गावातली एक विद्यार्थिनी व्हीलचेअर वापरते. खाडीवरचा पूल ओलांडून ती रत्नागिरीत कॉलेजला जाते. आता तिला एक सत्र परदेशात शिकायचंय. तिकीट आणि राहण्याचा खर्च सगळ्यांनाच असतो. तिला मदतनीस आणि सोयीची खोलीही लागणार. ते पैसे कुठून येणार?

भारतात काय मिळतं?
दिव्यांगांसाठी केंद्र सरकारची परदेशी शिष्यवृत्ती आहे. देशभरातून वर्षाला २० जागा, त्यातल्या ६ महिलांसाठी. पण ती पदव्युत्तर पदवी आणि पीएचडीसाठी आहे. एका सत्राचा अभ्यास त्यात बसत नाही.

बाहेर काय मिळतं?
ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्यानुसार विद्यापीठाला वाजवी सोयी कराव्याच लागतात, परदेशी विद्यार्थ्यांसाठीही. मात्र तिथला सरकारी दिव्यांग विद्यार्थी भत्ता त्यांना सहसा मिळत नाही. युरोपीय संघाच्या 'इरॅस्मस प्लस'मध्ये जादा खर्चासाठी वेगळी मदत मागता येते. त्यासाठी दोन्ही संस्थांमध्ये करार हवा.

मग आधी काय करायचं?
देश ठरवण्याआधीच विद्यापीठाला ईमेल करा: कोणती सोय तुम्ही कराल, कोणता खर्च माझा? उत्तर लेखी घ्या. यूडीआयडी कार्डावर अपंगत्वाची टक्केवारी असते. तिथे विचारतात, नेमकी गरज काय? म्हणून डॉक्टरांकडून गरजा मांडणारा इंग्रजी अहवालही घ्या.

प्रवेश मिळाला म्हणजे सोय झाली, असं नाही.