मुंडा मंडपात नको

लग्नाच्या पत्रिकेपासून वरमालेच्या स्टेजपर्यंत एकच नक्षी असावी, हा आग्रह आता अमरावती-अकोल्यातही रुळला आहे. त्यात वावगे काही नाही. भाराभर सजावटीपेक्षा एक नक्षी नीट जपलेली केव्हाही बरी. प्रश्न आहे तो नक्षी कोणाची आणि कशासाठीची, हा. ‘आदिवासी थीम’ म्हटले की डेकोरेटरच्या कॅटलॉगमधून घोडेस्वार, सूर्य आणि चंद्र उचलले जातात, आणि तिथेच चूक होऊ शकते.

मेळघाटात परतवाडा-धारणी रस्त्यावर, सिपना नदीकाठी सेमाडोह आहे. हा कोरकू आदिवासींचा मुलूख. कोरकू माणूस गेला की त्याच्यासाठी सागाच्या लाकडावर मुंडा कोरतात. त्यावर घोड्यावरचा स्वार असतो, सूर्य-चंद्र असतात. कोरीवकाम इतके देखणे की पाहणारा फोटो काढल्याशिवाय राहत नाही. पण सिडोलीच्या विधीत हा मुंडा झाडाखाली रोवला जातो तो मृताला पितरांत पोहोचवण्यासाठी. ते स्मारक आहे. नवरा-नवरीच्या स्वागतकमानीवर त्याची जागा नाही.

हीच चित्रे लग्नात कुठे शोभतात हे समजून घेण्यासाठी वारली आदिवासींकडे पाहावे. पालघर-डहाणूकडे लग्नघरात गेरूने सारवलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मधोमध पालघट देवी, भोवती बारीक नक्षीची चौकट, शेजारच्या छोट्या चौकात घोड्यावरचा देव. सूर्य-चंद्र तिथेही असतात. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री, गाऊन ते लावते. म्हणजे स्वार, सूर्य, चंद्र तेच. वारल्यांकडे ते लग्नाचे, कोरकूंकडे मरणाचे. जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्र जगभर नेले, २०११ साली त्यांना पद्मश्रीही मिळाली. पण त्या कीर्तीचा उलटा परिणाम असा की कुठलेही आदिवासी चित्र म्हणजे वारली, असे शहरातले लोक धरून चालतात. कोरकू भाषा संताळीच्या कुळातली, वारल्यांची बोली मराठीजवळची. राज्याच्या दोन टोकांवरची ही माणसे एका कॅटलॉगच्या पानावर एकत्र कोंबणे हा दोघांचाही अपमान आहे.

मेळघाटची खूण लग्नात हवीच असेल तर ती बांबूत आहे. आपल्या लग्नातही बांबू परका नाही. झालीच्या, म्हणजे मुलगी वरपक्षाच्या हाती सोपवण्याच्या विधीच्या वेळी बांबूच्या टोपलीत कणकेचे दिवे लावून ती वरपक्षाच्या माणसांच्या डोक्यावर टेकवतात, तेव्हा त्या विणीकडे कोणी निरखून पाहत नाही. आडव्या-उभ्या कामट्यांची ती साधी वीण पत्रिकेवर, रुखवताच्या मांडणीत, मंडपाच्या पडद्यावर किती शोभेल! धारणी तालुक्यात लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभे केलेले संपूर्ण बांबू केंद्र आहे, तिथे मेळघाटातलेच कारागीर घडले.

तेव्हा वधू-वरांच्या घरच्यांना एवढेच सांगणे आहे: पत्रिका छापायला टाकण्याआधी त्या नक्षीचा अर्थ ज्यांची ती आहे त्यांच्यापैकी एखाद्या जाणत्याला विचारा. आणि बांबूचे काम हवे असेल तर मेळघाटातल्या कारागिरांना तिथी धरल्या धरल्या ऑर्डर द्या. हाताचे काम आठ दिवसांत होत नाही.