विकण्याआधी एकदा घराचे दार उघडा

मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये विमाने उडू लागली आणि पेडणे तालुक्याचे नशीब पालटले, असे जो तो म्हणू लागला. नशीब पालटले खरे, पण कोणाचे? हा प्रश्न विचारणारे फार थोडे निघाले. धारगळ तर महामार्गावरचे गाव. येथे डिसेंबर २०२२ मध्ये अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन झाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये सनबर्नचा गोंगाटही झाला. त्याला ग्रामस्थांनी विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, तरी महोत्सव व्हायचा तो झालाच. या साऱ्या गजबजाटात एक गोष्ट मात्र गुपचूप चालू आहे. जुन्या घरांच्या चौकशा होत आहेत.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे असे एखादे घर धारगळात, विर्नोड्यात, पार्श्यात किंवा डिचोलीकडे आहे. चिऱ्याच्या जाड भिंती, मधोमध राजांगण, पुढे तुळशी वृंदावन, माजघराला लागून देवघर. चतुर्थीला आणि पुनवेला ते उघडते, एरवी कुलूप. घरातली माणसे पणजी, म्हापसा, पुणे, मुंबईत. दरवर्षी कौले चाळायची कोणी, यावर भावाभावांत पत्रापत्री होते आणि तेवढ्यात पावसाळा येतो. मग एके दिवशी दलाल दारात उभा राहतो.

हे घर दुरुस्त करून त्यात पाहुण्यांची सोय करावी आणि त्याच्या उत्पन्नावर ते जगवावे, असा विचार अलीकडे बोलला जातो. आमच्यातील काही ज्येष्ठांना तो रुचत नाही. देवघर असलेल्या घरात परके लोक सुटी घालवायला येणार, ही कल्पनाच त्यांना बोचते. त्यांची भावना आम्ही समजू शकतो. पण बंद घरात देवापुढे दिवा तरी रोज कोण लावतो? वाळवीला सोवळेओवळे नसते.

उदाहरण फार लांब शोधायला नको. १७८८ च्या तहाने पेडणे पोर्तुगिजांकडे गेले, त्याआधी ते ज्या सावंतवाडीच्या अमलाखाली होते, तिथल्या राजवाड्याकडे पाहा. तिथल्या भोसले घराण्याने वाड्याच्या आवारातील जुन्या इमारतीत मोजक्या खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या आणि त्यांची सजावट गंजिफाच्या चित्रांवर बेतली. ही गंजिफाची कला नामशेष होत असताना शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी यांनी गेल्या शतकाच्या सत्तरीच्या दशकात तिला पुन्हा उभे केले होते. आज वाडा घराण्याकडेच आहे, कारागिरांच्या हाताला काम आहे आणि पाहुणा जाताना सावंतवाडीचे नाव घेऊन जातो. आपण राजे नाही हे खरे. पण घर न विकता घराला पोसता येते, एवढे तरी त्यातून शिकण्यासारखे आहे.

मात्र दुरुस्ती म्हणजे काय, हेही नीट समजून घेतले पाहिजे. या बाबतीत दोष बाहेरच्यांचाच आहे असे नाही. आपणच किती घरांची कौले उतरवून वर स्लॅब ओतला! चिरा हा सच्छिद्र दगड. पावसात तो ओल पितो आणि उन्हात सोडतो. चुन्याचा गिलावा त्याला श्वास घेऊ देतो. सिमेंटचा थर दिला की ओल आत कोंडते, क्षार फुटतात आणि गिलाव्याचे पोपडे निघतात. जुने फणसाचे, माट्टीचे वासे चांगले असतील तर तेच तासून पुन्हा वापरावेत. उंच छप्पर आणि राजांगणातून खेळणारा वारा असेल, तर प्रत्येक खोलीत वातानुकूलन यंत्र बसवण्याची गरज नाही. पाण्याचेही तसेच. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि दीड मीटर खोल अशा पोहण्याच्या तलावात पंचाहत्तर हजार लिटर पाणी बसते. एप्रिल-मेमध्ये वाड्यावरच्या बायका नळाकडे डोळे लावून बसलेल्या असताना असा तलाव भरणे आम्हांला तरी शोभणार नाही. आपली विहीर उपसून स्वच्छ करणे हेच पर्यावरणाचे पहिले काम.

दुसरी अडचण कायद्याची. आपल्याकडच्या वारसा कायद्यामुळे एका घरावर पाच-पंचवीस नावे चढतात. मुलामुलींना सारखा हक्क देणारा हा कायदा चांगलाच आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण सर्वांचे एकमत विकण्यावर लवकर होते आणि राखण्यावर होत नाही, हा अनुभव आहे. म्हणून आमची विनंती अशी, की येत्या चतुर्थीला सगळे घरी जमतील तेव्हा आरतीनंतर कागद काढा. कोणाचा किती वाटा, खर्च कोण घालणार, उत्पन्न कसे वाटायचे, देवघराची किल्ली कोणाकडे, हे लिहून सह्या करा आणि ते वकिलाकडून पक्के करून घ्या. निदान घर जगवू इच्छिणाऱ्या एकाला तरी बाकीच्यांनी अडवू नये.

तिसरी गोष्ट थोडी कडू आहे. आपल्या भाटात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने संरक्षण दिले आहे. घर सजवण्याच्या निमित्ताने त्याची वाट अडवणे, त्याची खोप पाहुण्यांच्या नजरेआड करणे, असले प्रकार होता कामा नयेत. स्वयंपाक, बागकाम, सुतारकाम यांत पहिला मान वाड्यावरच्या माणसांचा असावा. पानात हरमलच्या मिरचीचे हुमण आणि उकडा भात असावा, आणि दारावरची पाटी मराठीत असावी. आपल्याच घरावर आपल्या भाषेची पाटी लावायला कोणाची परवानगी लागत नाही!

सरकारकडेही आमच्या मागण्या मोजक्याच आहेत. मूळ पद्धतीने डागडुजी करणाऱ्या जुन्या घराला नव्या बांधकामाच्या मापाने मोजू नये. घरमालक स्वतः चालवतो त्या चार खोल्या आणि बिल्डरच्या चाळीस व्हिला यांना एकाच तराजूत घालू नये. पंचायतीने गावातील जुन्या घरांची नोंदवही ठेवावी. चुन्याचे आणि लाकडाचे काम जाणणारे जे थोडे कारागीर उरले आहेत, त्यांच्या हाताखाली तरुणांना शिकण्याची सोय करावी. २०२३ मध्ये पेडण्याच्या झोनिंग आराखड्याच्या मसुद्याविरुद्ध लोक उठले, तेव्हा सरकारला तो मागे घ्यावा लागला. लोक एकत्र आले की ऐकले जाते, हे आपण पाहिले आहे.

पण तालुक्याची जमीन वाचवण्यासाठी सभेत हात वर करायचा आणि घरी येऊन खरेदीखतावर सही करायची, हे दोन्ही एकदम चालणार नाही. विकलेल्या घराचा पैसा एका पिढीत संपतो. राखलेल्या घराचा खर्च जड वाटतो खरा, पण पुनवेला नातवंडांना उतरायला जागा राहते. म्हणून दलालाला उत्तर देण्याआधी एकदा कुलूप काढा, खिडक्या उघडा आणि राजांगणात तासभर बसा. निर्णय त्यानंतर घ्या.