माती तपासता, मग हाडे का नाही?



मृग तोंडावर आला की आम्ही विस्ताराची माणसे बांधावर येतो आणि दरवर्षी तेच तुणतुणे वाजवतो : मातीचा नमुना काढा, तपासून घ्या, मगच खताचा हिशेब करा. २०१५ साली मृद आरोग्य पत्रिका आली तेव्हापासून पुष्कळांना हे पटले आहे. जमीन दिसायला काळीभोर असते, पण आत जस्त नसते, सेंद्रिय कर्ब घसरलेला असतो. ते डोळ्याला दिसत नाही, पीक पिवळे पडले की कळते. तोवर हंगाम हातचा गेलेला असतो.

आपल्या घरातल्या बायाबापड्यांच्या हाडांचे नेमके असेच आहे. हाड आतून पोखरत जाते, विरळ होते. दुखत नाही, खुपत नाही. मग एक दिवस आई न्हाणीत पाय घसरून पडते आणि खुबा मोडतो. आपण म्हणतो, "पडली म्हणून मोडलं." खरे तर हाड आधीच ठिसूळ झाले होते, म्हणून एवढ्याशा पडण्याने ते मोडले. डॉक्टर याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. शेती खात्याच्या माणसाने यावर का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की हाडे शेवटी आपल्या शेतातून आणि गोठ्यातूनच घडतात.

'आम्ही राबतो, आम्हाला काय होतंय?'

हे वाक्य सोयगाव तालुक्यात, बनोटीपासून सावळदबाऱ्यापर्यंत कुठेही ऐकायला मिळेल. त्यात तथ्य नाही असे नाही. चालणे, ओझे वाहणे, निंदणी-खुरपणी यांनी हाडाला बळ येते. उन्हात काम केल्याने अंगात ड जीवनसत्त्व तयार होते. पण काम म्हणजे मशागत झाली. नुसत्या मशागतीवर पीक येत नाही, जमिनीत काही घालावेही लागते. आपण काय घालतो ते पाहू.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली ठरवून दिल्याप्रमाणे मोठ्या माणसाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. आता ताटात पाहा. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे २५ मिलिग्रॅम, बाजरीत ४२, गव्हात ४० च्या आसपास आणि मक्यात तर फक्त १०. दिवसभरात तीनशे ग्रॅम ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या तरी पाऊणशेच मिलिग्रॅम होतात. बाजरीच्या खाल्ल्या तर सव्वाशे. वर ठेचा आणि पातळ वरण. बाकीचे कॅल्शियम यायचे कुठून? दुधातून आले असते, कारण म्हशीच्या दुधात शंभर ग्रॅममागे सुमारे २१० मिलिग्रॅम असते. पण दूध सकाळीच डेअरीत जाते. घरातल्या बाईच्या वाट्याला चहापुरते उरते, तेही सगळ्यांचे झाल्यावर.

वाढीच्या वयात आणि तिशीपर्यंत हाडात जेवढे जमा होते, तेवढ्यावर पुढचे आयुष्य काढायचे असते. पाळी बंद झाली की पहिली काही वर्षे ही जमा झपाट्याने खर्ची पडते. बहात्तरच्या दुष्काळात जी पोर दहा वर्षांची होती, मायबापाबरोबर खडी फोडायच्या कामावर सुकडी आणि मिलो खाऊन राहिली, ती आज साठी ओलांडून गेली आहे. तिच्या हाडांची जमा त्या वर्षांत किती झाली असेल, याचा विचार तिच्या लेकरांनी करावा.

पुण्याजवळची सहा गावे

पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. पुढे त्यांची मुले सहा वर्षांची झाली तेव्हा मुलांच्या हाडांची घनता यंत्रावर मोजली. २००६ साली निष्कर्ष छापून आला. ज्या आयांच्या खाण्यात गरोदरपणी दूध, डाळी, हिरव्या भाज्या, फळे असे पदार्थ वरचेवर होते, त्यांच्या मुलांची हाडे अधिक भरीव निघाली. या बाया आपल्यासारख्याच शेतकरी घरांतल्या होत्या. म्हणजे सुनेच्या ताटात आज काय पडते, त्यावर नातवाच्या हाडाची पायाभरणी होते.

सरकारनेही २०१४ पासून गरोदरपणाच्या चौदाव्या आठवड्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत रोज दोन कॅल्शियमच्या गोळ्या देण्याचे धोरण ठेवले आहे. उपकेंद्रात त्या मागून घ्या. मात्र लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नये, दोहोंत काही तासांचे अंतर ठेवावे. नाहीतर लोह अंगी लागत नाही.

गावातच करता येणारी पहिली तपासणी

हाडांची घनता मोजणारे 'डेक्सा' यंत्र तालुक्याच्या ठिकाणी नसते, मोठ्या शहरात जावे लागते. म्हणून सगळ्याच बायांना गाडीत घालून जळगावला किंवा संभाजीनगरला नेणे व्यवहारात बसत नाही. पण कोणाला न्यायचे हे गावात ठरवता येते, आणि त्याला पैसा लागत नाही.

आशियातल्या पाळी गेलेल्या बायांच्या अभ्यासावरून २००१ साली तज्ज्ञांनी एक सोपा ठोकताळा काढला. बाईच्या वयातून तिचे किलोतले वजन वजा करा. उत्तर २० पेक्षा जास्त आले तर धोका मोठा. ५ ते २० आले तर मध्यम. ५ पेक्षा कमी आले तर सध्या धोका कमी. समजा, आजी ६५ वर्षांची आहे आणि वजन ४२ किलो, तर उत्तर २३. तिला डॉक्टरकडे न्यायलाच हवे. आपल्याकडच्या बाया अंगाने बारीक, त्यामुळे यादी लांब होईल, पण घाबरू नका. यादीत नाव आले म्हणजे रोग झाला असे नव्हे. माती पाहून कमतरतेचा अंदाज येतो, खात्री प्रयोगशाळेतच होते, तसेच हे. वयाचा मात्र आधार कार्डावरून हिशेब करू नका, तिथे पुष्कळांची जन्मतारीख १ जानेवारी आहे. "बहात्तरला केवढी होतीस?" असे विचारले की वय बरोबर निघते.

याखेरीज पुढच्या खुणा असतील तर वजन कितीही असो, तपासणी करावी. उभ्या उंचीवरून पडूनही मनगट किंवा खुबा मोडला असेल. तरुणपणापेक्षा उंची दीड इंच घटली असेल, पाठीला बाक आला असेल. भिंतीला टाचा व पाठ लावून उभे राहिल्यावर डोके भिंतीला टेकत नसेल. भरलेली कळशी उचलताना पाठीत एकदम कळ येऊन ती आठवडेच्या आठवडे राहिली असेल. आई किंवा बापाचा खुबा मोडला असेल. तंबाखू, बिडी, दारू यांची सवय असेल. आणि गुडघेदुखीवर कोणाकडून तरी बिननावाच्या पुड्या महिनोन् महिने घेतल्या असतील, तर हमखास. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. दुखणे पळते आणि हाड खाल्ले जाते. यातल्या बऱ्याच खुणा पुरुषांनाही लागू आहेत, हे बापयांनी विसरू नये.

आणखी एक गोष्ट मोकळेपणी बोलली पाहिजे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची पाहणी झाली. ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या निघाल्या, त्यात पुष्कळ कमी वयाच्या होत्या. आपल्याकडेही "पिशवी काढून टाका, कटकट गेली" असे सहज म्हटले जाते. पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर पाळी जाण्याचे वय दहा-पंधरा वर्षे अलीकडे येते आणि हाडांची झीज तेव्हाच सुरू होते. अशी शस्त्रक्रिया सांगितली तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या. झालेली असेल, तर हाडांची तपासणी लवकर करून घ्या.

पुढची तपासणी आणि शिबिरांचा मोह

डॉक्टर आधी रक्त तपासतात. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, थायरॉइड, मूत्रपिंड यात काही बिघाड आहे का ते पाहतात. मग गरज वाटली तर डेक्सा. माणसाला टेबलावर निजवून खुबा आणि कंबरेच्या मणक्यांची अगदी सौम्य क्ष-किरणांनी मोजणी होते. सुई नाही, चिरफाड नाही, थोड्या मिनिटांचे काम. कागदावर 'टी-स्कोअर' येतो. उणे १ किंवा त्याहून वर असेल तर ठीक. उणे १ ते उणे २.५ च्या दरम्यान असेल तर झीज सुरू झाली. उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ठिसूळपणा पक्का. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ही मोजपट्टी घालून दिली. रोग ठरला तरी उपाय आहेत. आठवड्याला एक घ्यायची गोळी आहे, वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे इंजेक्शन आहे. कोणाला काय लागू, ते डॉक्टरनेच ठरवायचे.

बाजारच्या दिवशी मांडव टाकून टाचेवर यंत्र लावणारी आणि लगेच हजाराचे डबे हाती देणारी शिबिरे मात्र पारखून घ्या. टाचेच्या यंत्राने अंदाज मिळतो, रोग ठरत नाही. माती न तपासता दुकानदाराच्या सांगण्यावरून पोती उचलणे आणि हे, दोन्ही सारखेच. ड जीवनसत्त्वाची जबर इंजेक्शनेही मनाने घेऊ नयेत, जास्त झाले तर अपाय होतो.

शेतातून काय करता येईल

पूर्वी कपाशीत तिळाच्या, अंबाडीच्या ओळी असत, जुन्या मंडळींना आठवत असेल. शंभर ग्रॅम तिळात सुमारे १४५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सगळे अंगी लागत नाही, तरी रोज दोन चमचे तिळाची चटणी सालासकट खाल्ली तर भर पडते. सोललेल्या पांढऱ्याशुभ्र तिळात ते फार कमी उरते. शेवग्याच्या पानांत ४४० मिलिग्रॅम, नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. बांधावर शेवग्याची दोन झाडे लावा, पाल्याची भाजी करा. डेअरीत घालण्याआधी एक तांब्या दूध घरात ठेवा आणि त्यातले एक भांडे घरातल्या बाईने प्यायले हे पाहा. घरात बसून राहणाऱ्या म्हातारीला दहा-अकराच्या उन्हात अंगणात थोडा वेळ बसवा, चार पावले चालवा. रात्री न्हाणीच्या वाटेवर दिवा ठेवा, ओल्या फरशीवर पोते टाकू नका, ते सरकते. पकडायला भिंतीत एक कडी बसवा.

ग्रामपंचायतींनी मनावर घ्यावे

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले ग्रामसेवक भाऊसाहेब, यांना माझे स्पष्ट सांगणे आहे. महिला व बालकल्याणासाठी उत्पन्नातला दहा टक्के निधी ठेवायचा असतो. तो पुष्कळदा सतरंज्या-खुर्च्यांत जातो. त्यातून एक चांगला वजनकाटा आणि उंची मोजायची पट्टी घ्या. आशाताईंना बरोबर घेऊन पाळी गेलेल्या प्रत्येक बाईचे वय, वजन, उंची एका वहीत लिहा. दरसाल तीच वही काढून उंची पुन्हा मोजा. धोका मोठा असलेल्यांची यादी ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांना द्या आणि वर्षातून एकदा, कापूस वेचणीचा जोर ओसरल्यावर, त्या यादीतल्या बायांना घनता तपासणीला नेण्यासाठी एका गाडीची सोय करा. एवढे काम एका गावाला जड नाही.

खुबा मोडलेल्या माणसांपैकी जवळजवळ पाचातले एक वर्षभरात दगावते, असा जगभरचा अनुभव आहे. जे जगतात त्यांतल्या पुष्कळांना आधाराशिवाय चालता येत नाही. शस्त्रक्रियेसाठी बैल विकावा लागतो, आणि सेवेला घरातली एक बाई कायमची अडकते. "म्हातारपण आहे, चालायचंच" म्हणून हे सोसण्याची गरज नाही. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. आणि ग्रामसभेची वाट न पाहता आज संध्याकाळी घरच्या आईचे वय आणि वजन मांडून वजाबाकी करा.